जुनी जिप्सी: जोर कुठून निघतो आणि कुठे अडकतो

जुनी जिप्सी दारात उभी राहिली की बहुतेक जण आधी टायरच्या दुकानात जातात. मोठे टायर घेतले जातात, त्यामागोमाग उंची वाढवणारं किट आणि पुढचा जाड लोखंडी बंपर. सगळे पैसे तिथे संपतात आणि खाली प्रोपेलर शाफ्टचा (चाकांकडे जोर नेणाऱ्या लांब दांड्याचा) क्रॉस म्हणजे सांधा खडखडतच राहतो, किंगपिनचं (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचं) बेअरिंग खाल्लेलं असतं, आणि ताशी साठच्या पुढे स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं. माझ्या मते हा क्रम पूर्ण उलटा आहे. तो का उलटा आहे हे कळायला फार शिकावं लागत नाही. इंजिनचा जोर चाकापर्यंत कोणत्या वाटेने जातो आणि वाटेत कुठे अडकतो, एवढं नीट समजलं की काय दुरुस्त करायचं, काय बदलायचं आणि चिखलात कोणता दांडा कधी ओढायचा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्याच एका गोष्टीतून निघतात.

जिप्सीच का, तर ही गाडी शिकायला सोपी आहे. मारुतीने ती डिसेंबर १९८५ मध्ये आणली. सुझुकीच्या एसजे ४१० या छोट्या जीपची ही लांब आवृत्ती होती आणि इंजिन होतं ९७० सीसीचं पेट्रोल. १९९६ मध्ये १,३०० सीसीची ‘जिप्सी किंग’ आली आणि २००० मध्ये तिला फ्युएल इंजेक्शन मिळालं. २०१९ च्या सुमारास सर्वसामान्यांसाठी गाडी बंद झाली. पोलीस, लष्कर, वनखातं यांनी ती वर्षानुवर्षं वापरली. ताडोबात, पेंचमध्ये सफारीला गेलेल्या प्रत्येकाने तिच्या मागच्या बाकावर धूळ खाल्लेली आहे. वजन एक टनाच्या आसपास, बॉडीपासून वेगळी चेसी, पुढे आणि मागे दोन्हीकडे सलग अॅक्सल (डाव्या-उजव्या चाकाला जोडणारा आडवा आस), चारही कोपऱ्यांत पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा). जवळजवळ सगळं उघड्यावर, पान्याने खोलता येईल असं. महिंद्राच्या जुन्या जीपची रचनाही मूळ कल्पनेत अशीच, त्यामुळे पुढचं बरंचसं तिलाही लागू पडतं.

जोराची वाट

इंजिन, क्लच, गिअरबॉक्स इथपर्यंत कोणत्याही गाडीसारखंच. गिअरबॉक्सच्या मागे जिप्सीत एक आखूड शाफ्ट आहे आणि तो एका वेगळ्या पेटीत शिरतो. ही ट्रान्सफर केस. दुसरा छोटा गिअरचा दांडा दिसतो तो हिचा. तिच्यातून एक प्रोपेलर शाफ्ट मागच्या अॅक्सलकडे जातो आणि एक पुढच्या. दांडा ‘टू एच’ला असेल तर फक्त मागची चाकं ओढतात. ‘फोर एच’ला पुढचा शाफ्टही जोडला जातो. ‘फोर एल’ला दोन्ही जोडलेले राहतात, शिवाय सगळा वेग आणखी कमी होतो आणि त्या बदल्यात जोर वाढतो.

पुढच्या चाकांच्या मध्यभागी बऱ्याच जिप्सींना हाताने फिरवायचे हब असतात. ते ‘फ्री’वर असले तर चाक मोकळं फिरतं आणि आतला अर्धा अॅक्सल स्थिर राहतो. ‘लॉक’ केले की चाक आणि अॅक्सल एक होतात. आत बसून दांडा फोर एचला टाकला आणि हब फ्रीवरच राहिले, तर पुढचा शाफ्ट फिरतो पण चाकापर्यंत काहीच पोहोचत नाही. चिखलात रुतल्यावर हे लक्षात येतं आणि मग गुडघाभर चिखलात उतरून हब फिरवावे लागतात. म्हणून डांबरी रस्ता संपतो तिथेच, कोरड्या जमिनीवर उभं राहून, हब लॉक करायचे. उलट बाजूही आहे. हब महिनोन्महिने फ्रीवर ठेवले तर पुढच्या डिफरन्शियलमधलं तेल वर उडतच नाही. म्हणून महिन्यातून एकदा, दांडा टू एचलाच ठेवून, हब लॉक करून काही किलोमीटर गाडी सरळ रस्त्याने फिरवून आणावी.

डांबरावर फोर एच का नको

हा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो, कारण मात्र फार थोडे सांगतात. वळताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. जिप्सीच्या पुढच्या आणि मागच्या अॅक्सलमध्ये २,३७५ मिलिमीटर अंतर आहे. समजा गाडी अशी वळते आहे की मागच्या अॅक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जातो. मग पुढच्या अॅक्सलच्या मध्याची त्रिज्या साधारण ५.५ मीटर येते. नुसत्या एका यू-टर्नमध्ये पुढच्या चाकांना सुमारे पावणेदोन मीटर जास्त चालावं लागतं.

ऑल व्हील ड्राइव्हच्या आधुनिक गाड्यांत हा फरक सामावून घ्यायला मध्ये एक वेगळी यंत्रणा असते. जिप्सीत ती नाही. फोर एचमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट अगदी सारख्याच वेगाने फिरतात, त्यांना दुसरा पर्यायच नाही. मग ते पावणेदोन मीटर जाणार कुठे? चिखलात किंवा मुरुमावर एखादं चाक थोडं घसरतं आणि हिशोब मिटतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, त्यामुळे तो फरक शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये, गिअरच्या दात्यांमध्ये पीळ म्हणून साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, गाडी ब्रेक लागल्यासारखी अडखळते आणि दांडा परत टू एचला येईना होतो. अशा वेळी दांड्यावर ताकद लावू नका. गाडी दोन-चार मीटर सरळ मागे घ्या, पीळ सुटतो आणि दांडा अलगद निघतो.

यातूनच देखभालीचा एक मुद्दा येतो. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत असतील तर मागच्या चाकाचा घेर लहान असतो आणि सरळ रस्त्यावरही फोर एचमध्ये पीळ बसतच राहतो. बजेट दोनच टायरचं असेल तर थांबा आणि चार एकदम घ्या.

‘फोर बाय फोर’ असूनही गाडी का अडकते

आता जोर अॅक्सलपाशी पोहोचला. तिथे डिफरन्शियल आहे. वळताना डावं आणि उजवं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरावं म्हणून ते असतं. त्याचा स्वभाव असा की दोन्ही बाजूंना तो सारखाच जोर देतो. वाचताना हे चांगलं वाटतं, अडचण मात्र यातच आहे. एक चाक हवेत किंवा निसरड्या चिखलात असेल तर त्याला फिरवायला जवळजवळ जोर लागतच नाही. सारखेपणाच्या नियमाने मग घट्ट जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच, म्हणजे नगण्य जोर मिळतो. एक चाक गरगर फिरतं, दुसरं ढिम्म उभं.

खडबडीत ओढ्यात पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी उचललं गेलं की चारही चाकांनी ओढणारी ही गाडी जागची हलत नाही. त्यात बिघाड काहीच नसतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर वाढवून काही होत नाही, उलट फिरणारं चाक एकदम पकड घेतं तेव्हा अर्धा अॅक्सल तुटायचा. एक साधा उपाय करून बघा. ॲक्सिलरेटर हलका धरून डाव्या पायाने ब्रेक जरासा दाबा. मोकळ्या चाकाला ब्रेकचा विरोध मिळतो, त्याला फिरवायला जोर लागू लागतो आणि सारखेपणाच्या त्याच नियमाने तेवढा जोर पकड असलेल्या चाकाकडेही जातो. छोट्या अडथळ्यातून गाडी पुष्कळदा एवढ्यावर निघते. नाही निघाली तर उतरा आणि उचललेल्या चाकाखाली दगड भरा.

यामुळेच मी मऊ पाट्यांना फार मोल देतो. पाटे मऊ असले, शॅकलचे (पाट्याचं टोक चेसीला जोडणाऱ्या कडीचे) बुश मोकळे असले तर अॅक्सल तिरका होऊन चाक जमिनीला टेकलेलं राहतं. गाडी ‘कडक’ करायला पाटे वाढवणारे लोक चाकं हवेत उचलून घेतात आणि मग अडकले की लॉकर (डिफरन्शियल जखडून दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा भाग) बसवायचा विचार करतात.

आधी दुरुस्ती, मग हौस

जुनी गाडी घेतल्यावर पहिला खर्च ग्रीस आणि तेलावर करा. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर आणि सरकत्या जोडावर ग्रीसचे निपल असतात. गन लावून जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत मारायचं. गाडी जमिनीवर उभी असताना खाली झोपून शाफ्ट हाताने हलवा. क्रॉसमध्ये टकटक आली तर क्रॉस बदला, ही वस्तू महाग नाही. धावत्या गाडीचा शाफ्ट निसटला तर मात्र फरशी फाटते.

तेलांत एक काळजी घ्यावी लागते. डिफरन्शियलला लागणारं जीएल-५ दर्जाचं तेल जास्त दाबाला टिकतं, पण त्यातली काही रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या कड्यांना) खाऊ शकतात. म्हणून गिअरबॉक्सला जीएल-४ मागून घ्या. ‘गिअर ऑइल सगळं सारखंच’ असं ऐकवणाऱ्या मिस्त्रीकडून नम्रपणे गाडी बाहेर काढा.

पुढच्या अॅक्सलच्या दोन टोकांना गोल नकल (चाक वळवणारे सांधे) आहेत. त्यांतून तेल-ग्रीसचा काळा ओघळ दिसला तर आतलं ऑइल सील गेलं आहे. नकलच्या वर आणि खाली किंगपिनची बेअरिंग असतात. ती ढिली पडली की एका विशिष्ट वेगाला, बहुतेकदा खड्डा लागल्यावर, पुढची चाकं डावी-उजवी थरथरू लागतात आणि गाडी थांबवल्याशिवाय थांबत नाहीत. भीतीदायक प्रकार आहे. यावर स्टिअरिंग डॅम्पर (थरथर शोषून घेणारा छोटा शॉकअप) बसवून देणारे भेटतात. डॅम्पर आजार झाकतो. आधी चाकांचं बॅलन्सिंग, मग टाय रॉडचे एंड, चाकांची बेअरिंग आणि किंगपिनचा ताण या क्रमाने तपासा. यादीतल्या आधीच्या स्वस्त वस्तूंवरच काम भागतं असं कोणी सांगेल, पण खरं सांगायचं तर किंगपिनची बेअरिंग बदलल्याशिवाय अनेक जुन्या जिप्सी शांत होत नाहीत.

गंज हा वेगळा शत्रू. कोकणात किंवा मुंबईत राहिलेली गाडी घेताना वरच्या रंगाकडे बघू नका. चेसीच्या लांब पोकळ पट्ट्यांवर हातोडीने हलके ठोके मारत जा. खणखणीत आवाज हवा. आवाज बद्द झाला की आतून पापुद्रे सुटले आहेत. पाट्यांचे शॅकल जिथे चेसीला धरतात ती जागा आणि बॉडी ज्या रबरांवर बसते त्या जागा आधी बघा. इंजिन नवं बसवता येतं, सडलेली चेसी आणि तिच्यावरचा चेसी नंबर मात्र सांभाळावाच लागतो, कारण गाडीची कायदेशीर ओळखच तो नंबर आहे.

पेट्रोलचाही विचार करायला हवा. देशात पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचलं. जिप्सीचे जुने रबरी पाइप, कार्ब्युरेटरमधले डायफ्राम आणि सील या इंधनासाठी बनलेले नव्हते. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतो, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत गंज लवकर धरतो. इंधनाचे सगळे पाइप नव्या, इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे टाका. पाइपला बोटाने वाकवून भेगा दिसतात का ते दर पावसाळ्याआधी बघा. इंजिन तापलेलं असताना पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

बदल करायचेच तर

सगळ्यांत जास्त गैरसमज उंचीबद्दल आहे. लिफ्ट किटने बॉडी आणि चेसी वर जाते. पण खडकाला आधी धडकतो तो अॅक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा, आणि तो चाकांबरोबर असतो, स्प्रिंगबरोबर नाही. पाटे अॅक्सलच्या खालून काढून वर बसवले, जो जिप्सीवाल्यांचा लाडका बदल आहे, तरी हा गोळा एक मिलिमीटरही वर जात नाही. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने.

मोठ्या टायरचा हिशोब करून बघू. जिप्सी किंगचा मूळ टायर २०५/७० आर १५. त्याचा व्यास ६६८ मिलिमीटर भरतो. लोक हौसेने २३५/७५ आर १५ घालतात, त्याचा व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर. म्हणजे गोळ्याखाली मिळाले ३३ मिलिमीटर, साधारण दीड बोट. किंमत काय मोजली? घेर जवळपास १० टक्के वाढला. प्रत्येक गिअर तेवढाच जड झाला, त्यामुळे घाटात दुसऱ्या गिअरला चढणारी गाडी पहिला मागते. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने धावत असते. ब्रेक तेच, पण थांबवायचं चाक मोठं आणि जड. अर्ध्या अॅक्सलवर, क्रॉसवर, किंगपिनवर ओझं वाढलं. यातलं काहीच करू नका असं मी म्हणत नाही. पण ज्यांचे क्रॉस आणि बेअरिंग ठणठणीत आहेत त्यांनीच करावं, आणि उंची वाढवली तर ब्रेकचे लवचीक पाइप लांब करणं विसरू नये. अॅक्सल खाली लटकला की आखूड पाइप ताणून फाटतो.

माझी निवड विचाराल तर मूळ मापाचे चांगले ऑल-टेरेन टायर, पुढे-मागे चेसीला बोल्ट केलेले मजबूत टो हुक आणि अॅक्सलच्या श्वासनळ्या (आतली हवा ये-जा करायच्या छोट्या नळ्या) वर नेऊन बसवणं. एवढ्यात आपल्याकडचे बहुतेक रस्ते निघतात. श्वासनळ्यांचं कारण शेवटी सांगतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने मूळ ठरवलेल्या वैशिष्ट्यांपेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा पडेल असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. पुढच्या लोखंडी बुल बारवर डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने कारवाईचे निर्देश दिले. शिवाय पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी आरटीओत तपासून नोंदणी वाढवून घ्यावी लागते, महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. त्या दिवशी निरीक्षकासमोर गाडी जितकी मूळ रूपात तितकं पासिंग सोपं. लष्कराच्या लिलावातून आलेली गाडी घेणार असाल तर गाडीआधी कागद बघा.

चालवताना

फोर एलचा खरा उपयोग वेग मारण्यासाठी नाही, वेग न मारता जाण्यासाठी आहे. तीव्र उतारावर फोर एल, पहिला गिअर, क्लचवरून पाय पूर्ण काढलेला. इंजिनच गाडीला धरून ठेवतं. उतारावर घाबरून क्लच दाबला की गाडी मोकळी सुटते आणि ब्रेक दाबला की चाकं अडकून गाडी आडवी होते. स्टिअरिंग धरताना अंगठे आत गुंफू नका. चाक दगडावर आदळून स्टिअरिंग गर्रकन फिरलं तर अंगठा मोडतो.

आपल्या मातीत काय निघतं आणि काय नाही हेही जाणायला हवं. कोकणातला जांभा ओला असला तरी खरखरीत पकड देतो, अडचण शेवाळाची. मराठवाड्यातली, विदर्भातली काळी कापसाची जमीन मात्र पावसात निव्वळ सापळा आहे. दहा-वीस मीटरमध्ये टायरच्या सगळ्या खाचा मातीने भरतात आणि मड टायरसुद्धा गुळगुळीत होतो. पाऊस लागल्यावर दोन दिवस शेतरस्त्याने जाऊ नये, मग गाडी कोणतीही असो. मऊ जमिनीवर टायरची हवा कमी केल्याने मोठा फरक पडतो. टायर लांबट होऊन जमिनीवर जास्त पसरतो, रुतत नाही. जिप्सीसारख्या हलक्या गाडीला पंधरा-सोळा पीएसआयपर्यंत जाता येतं, पण वेग अगदी कमी ठेवावा आणि डांबरावर येण्याआधी हवा भरावी. त्यासाठी बारा व्होल्टचा पंप गाडीत हवाच.

समुद्रकिनाऱ्यावर आणि सड्यांवर (सपाट कातळी पठारांवर) गाडी घालू नका. हे मी विनंती म्हणून नाही, आग्रहाने सांगतो. कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात, एका टायरखाली पूर्ण घरटं जातं. सह्याद्रीच्या सड्यांवर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरच असतो आणि तेवढ्यात जगणाऱ्या वनस्पती इतरत्र सापडत नाहीत. चाकाची रुत तिथे वर्षानुवर्षं भरून निघत नाही. आखलेली वाट असेल तिथूनच जावं.

पाण्याबद्दल कठोर राहा. वाहतं पाणी असेल तर थांबा. बॉडीच्या तळाची साधारण पाच चौरस मीटर जागा धरली तर तळाच्या वर चढलेलं प्रत्येक १० सेंटिमीटर पाणी गाडीला चार-पाचशे किलोने वर उचलतं. तळावर वीस सेंटिमीटर चढलं की एक टनाच्या गाडीची पकड जवळजवळ संपते. साचलेलं पाणीही आधी काठीने तपासून, चालून बघून, चाकाच्या मध्यापर्यंतच असेल तरच घ्यावं. फोर एल, पहिला किंवा दुसरा गिअर, सारखा संथ वेग. मध्येच गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही. बाहेर आल्यावर हलका ब्रेक धरून थोडं अंतर जावं म्हणजे मागच्या ड्रममधलं पाणी वाळतं.

आता श्वासनळ्यांचं कारण. चालून तापलेला अॅक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी आत ओढते. श्वासनळी पाण्याखाली असेल तर पाणीच ओढलं जातं, ती तुंबलेली असेल तर सीलमधून. म्हणून रबरी नळी लावून तिचं तोंड इंजिनच्या खोक्यात उंचावर न्यायचं. तरीही ओढा ओलांडला असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी रात्रभर सपाट जागी उभी राहिल्यावर, दोन्ही डिफरन्शियलचे खालचे ड्रेन प्लग किंचित सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, ते खाली बसतं आणि आधी बाहेर येतं. पहिले थेंब स्वच्छ तेलाचे आले तर प्लग घट्ट करा. पाणी आलं, किंवा तेल दुधाळ दिसलं, तर सगळं तेल काढून नवं भरा आणि गाडी त्याआधी रस्त्यावर काढू नका.